शॉर्टचं दहावं मिनिट

कुणी नवा बनवलेला पॉवर सप्लाय माझ्या टेबलावर आणून ठेवला की मी जाड वायरचा एक तुकडा घेते आणि आउटपुटची दोन्ही टर्मिनल सरळ एकमेकांना जोडून टाकते. आणणाऱ्याचा चेहरा उतरतो. मग मीटरवर २ अँपिअर दिसतात, आकडा हलत नाही, आणि चेहरा पुन्हा खुलतो. "बघा ताई, लिमिट बरोब्बर लागली!" असं म्हणत वायर काढायला त्याचा हात पुढे येतो, तेव्हा मी तो अडवते. राहू दे. दहा मिनिटं अशीच राहू दे.

लिमिट, म्हणजे करंट ठरलेल्या मर्यादेवर अडवणारी सोय, लागली की नाही हे पहिल्या सेकंदात कळतं. सर्किट जगणार की नाही हे कळायला वेळ लागतो. ट्रान्झिस्टरचा जीव बहुतेक वेळा वॅट घेतात, आणि वॅट आपलं काम सावकाश करतात. मोठं हीटसिंक (उष्णता हवेत सोडणारा धातू) पुरतं तापून स्थिर व्हायला दहा-पंधरा मिनिटं सहज घेतं. शॉर्टसुद्धा काही सेकंदापुरता येत नाही. रात्री कधीतरी कुठेतरी वायरची साल खरवडली जाते आणि सकाळी कुणी येईपर्यंत ती तशीच टेकून राहते. म्हणून रेग्युलेटरच्या, म्हणजे आउटपुटचं व्होल्टेज स्थिर ठेवणाऱ्या सर्किटच्या, संरक्षणाबद्दल कुणी विचारलं की मी "किती अँपिअरला थांबतो?" असं विचारतच नाही. शॉर्ट लावून ठेवल्यावर पास ट्रान्झिस्टरवर, म्हणजे लोडचा करंट ज्यातून जातो त्या ट्रान्झिस्टरवर, किती वॅट पडतात, ते सांग.

अगदी साध्या सर्किटपासून सुरुवात करू. लोडखाली १८ व्होल्ट देणारा रेक्टिफायर-फिल्टर, बेसला एक झेनर (व्होल्टेज ठरलेल्या आकड्यावर धरणारा डायोड), बेसला करंट पुरवणारा १०० ओहमचा रेझिस्टर, आणि एमिटरवरून १२ व्होल्ट देणारा २एन३०५५ हा पॉवर ट्रान्झिस्टर. आउटपुट शॉर्ट केलं की एमिटर जमिनीला टेकतो, झेनर बंद पडतो आणि त्या १०० ओहममधून सगळा करंट बेसमध्ये घुसतो: साधारण १७० मिलिअँपिअर. गेन (बेसच्या करंटच्या किती पट कलेक्टरमधून वाहतो तो आकडा) ५० धरला तरी कलेक्टरचा करंट ८ अँपिअरच्या पुढे जातो. ट्रान्झिस्टरवर तेव्हा पुरते १८ व्होल्ट असतात, म्हणजे दीडशे वॅट. डेटाशीटमधले ११५ वॅट हे केस २५ अंशांवर धरून ठेवली तरच खरे, आणि तशी ती प्रत्यक्षात कधीच राहत नाही. ट्रान्सफॉर्मर दमून व्होल्टेज थोडं बसेल, तेवढीच काय ती दया.

"पण फ्यूज आहे ना!" हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आता आधीच हसू येतं. काचेचा फास्ट फ्यूज घ्या. रेटिंगच्या २.१ पट करंटला त्याला वितळायला अर्ध्या तासापर्यंत मुभा असते, आणि २.७५ पटीला ५० मिलिसेकंदांपासून २ सेकंदांपर्यंत कितीही वेळ लागू शकतो. ट्रान्झिस्टरच्या आतली सिलिकॉनची चकती एवढीशी, ती काही मिलिसेकंदांतच भाजून निघते. मग ट्रान्झिस्टर जातो आणि फ्यूज शाबूत राहतो. फ्यूज आग लागू नये म्हणून आहे, ट्रान्सफॉर्मर आणि वायरिंग जळू नये म्हणून आहे. तो हवाच. फक्त सेमिकंडक्टरचा जीव त्याच्या भरवशावर टाकू नये.

मग येतो सगळ्यांचा लाडका उपाय: एक रेझिस्टर, एक छोटा ट्रान्झिस्टर. पास ट्रान्झिस्टरच्या एमिटरनंतर ०.३३ ओहमचा रेझिस्टर टाकायचा आणि त्याच्या दोन टोकांवर छोट्या एनपीएनचे बेस-एमिटर लावायचे. २ अँपिअर वाहिले की त्या रेझिस्टरवर ०.६५ व्होल्ट पडतात, छोटा ट्रान्झिस्टर जागा होतो आणि पास ट्रान्झिस्टरच्या बेसला मिळणारा करंट स्वतःकडे ओढून आउटपुटला सोडून देतो. बेस उपाशी राहिला की करंट वाढत नाही. एवढ्या कमी भागांत एवढं काम करणारं सर्किट दुसरं शोधून दाखवा.

त्याच्या खोड्या मात्र जवळून पाहायला हव्यात. पहिली, ०.३३ ओहमवर २ अँपिअरला १.३ वॅट जळतात. तिथे पाव वॅटचा रेझिस्टर बसवलेला पाहिला की मला बोर्ड पुढे बघावासाच वाटत नाही. सिमेंटचा ३ किंवा ५ वॅटचा लावा, आणि बोर्डापासून थोडा वर उचलून लावा. दुसरी, बेस-एमिटरचं व्होल्टेज तापमानाच्या प्रत्येक अंशाला साधारण २ मिलिव्होल्टने उतरतं. हा छोटा ट्रान्झिस्टर हीटसिंकला खेटून बसवला आणि तो ५० अंशांनी तापला, तर ०.६५ चे ०.५५ होतात आणि लिमिट २ वरून १.६७ अँपिअरवर येते. शॉर्टच्या वेळी हे सोयीचंच आहे, कारण गरम झालं की लिमिट आपोआप उतरते. पण लोडला खरोखरच २ अँपिअर हवे असतील तर उन्हाळ्यात सप्लाय अचानक कमी पडायला लागतो आणि कारण कुणाला सापडत नाही. तिसरी, करंट लिमिट हा सुद्धा फीडबॅकचा लूप आहे, आणि कुठल्याही लूपप्रमाणे तो डोलू शकतो. मीटर सरासरी दाखवतो, त्यामुळे २ अँपिअर अगदी शांत दिसतात. ऑसिलोस्कोप लावला की खाली गोंधळ चाललेला कळतो. छोट्या ट्रान्झिस्टरच्या कलेक्टर-बेसमध्ये काहीशे पिकोफॅरडचा कपॅसिटर टाकला की बहुधा गप्प बसतो.

आणि आता दहाव्या मिनिटाचा हिशेब. नेहमीच्या वापरात, २ अँपिअरला, पास ट्रान्झिस्टर आणि सेन्स रेझिस्टर (तोच ०.३३ ओहमचा) मिळून ६ गुणिले २, म्हणजे १२ वॅट. शॉर्टमध्ये १८ गुणिले २, म्हणजे ३६ वॅट. करंट वाढलेला नाही, लिमिट चोख आहे, तरी उष्णता तिप्पट. धातूच्या २एन३०५५ ला जंक्शन (आतली सिलिकॉनची चकती) ते केस दर वॅटला साधारण १.५ अंश, अभ्रकाच्या चकतीला अर्धा अंश, हीटसिंकला १.५ अंश धरले तर एकूण साडेतीन होतात. सोय म्हणून सगळे ३६ वॅट ट्रान्झिस्टरच्याच खाती धरते. ३६ वॅटला १२६ अंशांची वाढ, भोवतालची हवा ३५ अंश, म्हणजे जंक्शन १६१ वर. २एन३०५५ ची मर्यादा २०० आहे, वाचला. त्याच जागी प्लास्टिकचा टीआयपी३०५५ लावा. जवळपास तोच ट्रान्झिस्टर, बसवायला कितीतरी सोपा, पण त्याची मर्यादा १५० अंश. त्याच हीटसिंकवर तो १५७ पर्यंत जातो. पहिल्या मिनिटात दोघेही सारखेच ठणठणीत दिसतात.

यावर उपाय दोन: हीटसिंक तिप्पट करा, नाहीतर शॉर्टमध्ये करंट खाली आणा. दुसऱ्याला फोल्डबॅक म्हणतात. छोट्या ट्रान्झिस्टरचा बेस थेट सेन्स रेझिस्टरला न जोडता दोन रेझिस्टरांच्या डिव्हायडरमधून जोडायचा, डिव्हायडरचं खालचं टोक ग्राउंडला. आउटपुट १२ व्होल्टवर असेपर्यंत डिव्हायडर त्या बेसला मागे खेचून धरतो, त्यामुळे तो जागा व्हायला सेन्स रेझिस्टरवर जास्त व्होल्टेज लागतं. आउटपुट कोसळलं की मागे खेचणारं कुणी उरत नाही, आणि थोड्याशा करंटलाच तो जागा होतो. डिव्हायडरला १०० ओहम आणि १.१ किलोओहम, सेन्सला ०.८२ ओहम घेतलं तर १२ व्होल्टवर लिमिट २.२ अँपिअरच्या आसपास पडते आणि पुऱ्या शॉर्टमध्ये ०.८६ अँपिअरच वाहतात. ट्रान्झिस्टरवर ३६ च्या जागी १५ वॅट.

फुकट काही मिळत नाही, याचं हे चांगलं उदाहरण आहे. ०.८२ ओहमवर पूर्ण लोडला १.८ व्होल्ट जातात, म्हणजे १८ आणि १२ मधल्या ६ व्होल्टांपैकी जवळजवळ तिसरा हिस्सा. हाव सुटून शॉर्टचा करंट अर्ध्या अँपिअरवर आणायचा म्हटलं तर सेन्स रेझिस्टर दीड ओहमच्या वर जातो, २ अँपिअरला ३ व्होल्ट आणि ६ वॅट खातो. मग त्याच्यासाठीच हीटसिंक शोधावं लागतं.

पुस्तकात सहसा न येणारी एक गोष्ट इथेच आहे. फोल्डबॅकमध्ये सर्वात वाईट जागा पुरा शॉर्ट नसतोच. वरच्याच आकड्यांत आउटपुट ५ व्होल्टवर अडकलं असं धरा, म्हणजे कुठेतरी साडेतीन ओहमचा अर्धवट शॉर्ट. करंट १.४२ अँपिअर, वरती १३ व्होल्ट. सेन्स रेझिस्टरचा वाटा वजा करूनही ट्रान्झिस्टरवर १७ वॅट उरतात. पुऱ्या शॉर्टपेक्षा जास्त. फरक इथे थोडा आहे, पण फोल्डबॅक जितका तीव्र कराल तितका वाढत जातो. म्हणून जाड वायरनंतर मी रिओस्टॅट (फिरवून बदलता येणारा रेझिस्टर) काढते आणि मधल्या सगळ्या जागा हळूहळू फिरवून बघते.

फोल्डबॅकचा दुसरा दोष जास्त त्रासाचा. सप्लाय चालू होताना आउटपुट शून्यावर असतं, म्हणजे सप्लायच्या नजरेत तो शॉर्टच. त्या क्षणी द्यायला त्याच्याकडे फक्त ०.८६ अँपिअर आहेत. लोड जर सुरुवातीलाच त्याहून जास्त मागत असेल, जसं थांबलेली मोटर, थंड फिलामेंटचा दिवा किंवा कमी व्होल्टेजलाही ठरलेला करंट ओढणारं सर्किट, तर आउटपुट मधेच कुठेतरी अडकून बसू शकतं. सप्लाय बिघडलेला नाही, लोड बिघडलेला नाही, आणि तरी काही चालू होत नाही. दुहेरी सप्लायमध्ये आणखी गंमत: प्लस बाजू आधी उठली तर लोडमधून ती मायनस बाजूचं आउटपुट ग्राउंडच्या पलीकडे ओढते, आणि मायनस बाजू उठूच शकत नाही. प्रत्येक आउटपुटला ग्राउंडकडे एकेक उलटा डायोड लावला की हे बंद होतं.

माझं मत विचाराल तर ज्याचा लोड कायमचा ठरलेला आहे, उपकरणाच्या पेटीतच बसलेला आहे, तिथे फोल्डबॅक. टेबलावरच्या सप्लायला साधी स्थिर लिमिट, ऐसपैस हीटसिंक, आणि त्या हीटसिंकवर स्क्रूने बसवलेला बायमेटलचा थर्मल स्विच, जो ठरलेल्या तापमानाला ट्रान्सफॉर्मरची वायर तोडतो. हा स्विच दिसायला गावंढळ वाटतो, पण दहाव्या मिनिटाचा प्रश्न तो एकटा सोडवतो, आणि अर्धवट शॉर्टशीही त्याला काही देणंघेणं नाही. फक्त तो अगदी ट्रान्झिस्टरच्या शेजारी हवा. हीटसिंकच्या दुसऱ्या टोकाला बसवलेला स्विच बातमी फार उशिरा ऐकतो.

हाच विचार चिपच्या आत नेण्याचं श्रेय चिप डिझाइनर बॉब विडलर यांच्या एलएम१०९ ला द्यायला हवं. ५ व्होल्टचा तीन पायांचा रेग्युलेटर, पॉवर ट्रान्झिस्टर त्याच चकतीवर, आणि त्याला लागूनच तापमान ओळखून सगळं बंद करणारं सर्किट. पास ट्रान्झिस्टर आणि थर्मामीटर एकाच सिलिकॉनवर असल्यावर बातमी उशिरा पोचण्याचा प्रश्नच उरत नाही. आजच्या ७८०५ आणि एलएम३१७ या तीन पायांच्या रेग्युलेटरमध्ये करंट लिमिट, थर्मल शटडाउन आणि तिसरं सेफ एरियाचं संरक्षण अशी तिन्ही असतात. हे तिसरं लोक विसरतात. एलएम३१७ इनपुट-आउटपुटमधला फरक १५ व्होल्टपर्यंत असेल तर किमान दीड अँपिअरची खात्री देतो. तोच फरक ४० व्होल्ट झाला की खात्री ०.१५ अँपिअरवर येते. म्हणजे चिप स्वतःहून वॅट मोजते आहे. "दीड अँपिअरचा रेग्युलेटर दीड अँपिअर देत नाही" अशी तक्रार आली की मी आधी इनपुट व्होल्टेज विचारते.

हे संरक्षण इतकं चांगलं आहे की त्याच्या जोरावर लोक नको तिथे निर्धास्त होतात. ७८०५ एक अँपिअरला पुरत नाही म्हणून बाजूला एक पीएनपी पॉवर ट्रान्झिस्टर, समजा टीआयपी२९५५, लावण्याचं सर्किट सर्वांना माहीत आहे. इनपुटमध्ये ३ ओहमचा रेझिस्टर. पाव अँपिअरच्या जवळ त्यावर ०.७ व्होल्ट पडले की पीएनपी चालू होतो आणि पुढचा भार उचलतो. आता आउटपुट शॉर्ट करा. ७८०५ आपल्या लिमिटवर जाऊन थांबतो, त्याच्या दृष्टीने सगळं ठीक आहे. पण त्याची लिमिट २ अँपिअरच्या आसपास, आणि त्यातला बहुतेक करंट पीएनपीच्या बेसमधून येतो. बेसला दीड-पावणेदोन अँपिअर मिळालेला पीएनपी ट्रान्सफॉर्मर देईल तेवढं ओढतो. ७८०५ सुखरूप, शेजारचा खाक.

यावर सेन्स रेझिस्टर आणि दुसरा पीएनपी हाच जुना उपाय आहे, पण इथे त्यात एक खाच आहे. ७८०५ जो करंट ओढायला बघतोय तो आता पास ट्रान्झिस्टरच्या बेसऐवजी या दुसऱ्या पीएनपीमधून जातो, म्हणजे तोही ७८०५ च्या शॉर्ट करंटएवढा, दोनेक अँपिअर सोसणारा हवा. तिथे १०० मिलिअँपिअरचा बीसी५५७ लावलेली सर्किटं सर्रास फिरताना दिसतात. पहिल्या शॉर्टला तो फुटतो आणि त्यानंतर संरक्षण राहतच नाही. ४ अँपिअरच्या जातीचा प्लास्टिक पॉवर ट्रान्झिस्टर लावा. शिवाय दोन्ही, म्हणजे ७८०५ आणि मोठा पीएनपी, एकाच हीटसिंकवर बसवा. शेजारी तापला की ७८०५ चं थर्मल शटडाउन थोडंफार त्याचंही राखण करतं. टीआयपी२९५५ ची पाठ कलेक्टर आहे, म्हणजे आउटपुट, आणि ७८०५ ची पाठ ग्राउंड. अभ्रक आणि स्क्रूची प्लास्टिकची बुशिंग विसरलात तर आउटपुट हीटसिंकमधूनच शॉर्ट.

शॉर्ट आउटपुटलाच होतो असंही नाही. इनपुट शॉर्ट झालं, तर आउटपुटवरचा कपॅसिटर रेग्युलेटरमधून उलटा रिकामा होतो. साधा १० मायक्रोफॅरडचा कपॅसिटरसुद्धा शॉर्ट झाल्यावर क्षणभर २० अँपिअरचा झटका देऊ शकतो, असं एलएम३१७ चं डेटाशीटच सांगतं. आउटपुटपासून इनपुटकडे एक १एन४००२ डायोड लावला की तो झटका बाहेरून निघून जातो. त्याच कपॅसिटरची दुसरी बाजू अशी की करंट लिमिट त्याच्या आधी बसलेली असते. आउटपुटवर १००० मायक्रोफॅरड आणि १२ व्होल्ट असतील, तर ७२ मिलिज्युल ऊर्जा कुठल्याही लिमिटला न विचारता लोडमध्ये जाते. लिमिट २० मिलिअँपिअरला लावून ठेवलेली असताना एलईडी जोडताच का उडाला, याचं उत्तर बहुतेक वेळा हेच असतं.

पास ट्रान्झिस्टर मेलाच तर कसा मरतो, हेही बघून ठेवावं. बहुतेक वेळा कलेक्टर-एमिटर शॉर्ट होऊन. म्हणजे १२ व्होल्टवर चालणाऱ्या लोडला अचानक १८ मिळतात. इथे उपाय म्हणजे क्रोबार: १४ व्होल्टच्या आसपास जागा होणारा झेनर, त्याने पेटणारा एससीआर (एकदा चालू झाला की करंट थांबेपर्यंत चालूच राहणारा स्विच), आणि एससीआर आउटपुटला स्वतःच शॉर्ट करून फ्यूज उडवतो. फ्यूजला वेळ लागला तरी आता बिघडत नाही, कारण ट्रान्झिस्टर आधीच गेलेला आहे आणि लोडवर जेमतेम एक-दीड व्होल्ट उरलेत. फक्त एससीआर तेवढा वेळ तग धरेल असा जाडजूड निवडायचा.

स्विचिंगवाल्यांना, म्हणजे स्विच झटपट चालू-बंद करून व्होल्टेज बनवणाऱ्यांना, वाटतं हे सगळं लिनियरचं, म्हणजे वरच्यासारख्या सर्किटांचं, दुखणं आहे. बकमध्ये, म्हणजे व्होल्टेज उतरवणाऱ्या स्विचिंग सर्किटमध्ये, स्विच प्रत्येक सायकलला करंट बघून बंद होतो, हे खरं. पण आउटपुट शॉर्ट असताना कॉइलमधला करंट चढतो इनपुटच्या पुऱ्या व्होल्टेजने आणि उतरतो फक्त डायोडच्या अर्ध्या व्होल्टने. स्विचला बंद व्हायला जो किमान वेळ लागतो तेवढ्यात चढलेलं उरलेल्या सायकलमध्ये उतरत नाही, आणि करंट लिमिट ओलांडून पायरी-पायरीने वर जातो. एलएम२५७६ या बक चिपमध्ये याच्यासाठी आउटपुट पडलं की ५२ किलोहर्ट्झची वारंवारता ११ किलोहर्ट्झवर येते, म्हणजे उतरायला जवळपास पाचपट वेळ. नवीन चिपमध्ये हिकप असतो: शॉर्ट दिसला की बंद, थोडं थांबून पुन्हा प्रयत्न, पुन्हा बंद. सरासरी वॅट इतके खाली येतात की दहा मिनिटं काय, दहा दिवस शॉर्ट राहू दे.

बूस्टचं, म्हणजे व्होल्टेज चढवणाऱ्या सर्किटचं, मात्र सांगून ठेवते, कारण तिथे लोक चिपवर डोळे मिटून विश्वास टाकतात. इनपुटपासून कॉइल, कॉइलपासून डायोड, डायोडपासून आउटपुट. या वाटेत स्विच नाहीच, तो बाजूला ग्राउंडकडे आहे. आउटपुट शॉर्ट झाल्यावर चिपने स्विच कितीही बंद ठेवला तरी बॅटरी कॉइल आणि डायोडमधून सरळ वाहत राहते. तिथे इनपुटच्या वाटेत वेगळा मॉस्फेट आणि त्याची स्वतःची लिमिट लावल्याशिवाय मी वायरचा तुकडा हातात घेत नाही.